चुलीतला च, चहातला च

दौंडच्या बाबुलाल तांबोळीनं आयुष्यात एकदाच घाई केली. दोन शब्दांची घाई. त्या दोन शब्दांत त्याची अकरा वर्षं गेली आणि त्याच्या बायकोचं वाचन गेलं. एरवी हा माणूस इतका सावकाश, की चहा निवून पाणी झाला तरी बशीत ओतून फुंकर मारल्याशिवाय प्यायचा नाही. अशा माणसानं घाई करावी, आणि तीही नेमकी त्याच दिवशी, म्हणजे काय म्हणावं! आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबुलाल कुरकुंभच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कारखान्यात पॅनेल ऑपरेटर. आयटीआय करून लागला तो लागला, तीस वर्षं झाली, तिन्ही पाळ्या पचवल्या. काम म्हणाल तर समोर पडदा, पडद्यावर आकडे, आकडा हलला की व्हॉल्व हलवायचा. कंपनीत सगळे त्याला बाबूभाई म्हणतात. मूळ गाव खुटबाव, पण वडिलांपासून दौंडात. एकुलती लेक सुमैया लग्न होऊन नगरला गेली. घरात उरली दोघं, तो आणि मुमताज.

मुमताज शिरूर तालुक्यातल्या निमोण्याची. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली, डी.एड. केलं आणि दौंडातल्या एका खासगी शाळेत चौथीला मराठी शिकवायला लागली. शुद्धलेखनात अशी कडक, की मुलांचे आईबापसुद्धा तिला चिठ्ठी लिहिताना दोनदा विचार करायचे. वाचनाचं तर वेडच. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणार. भाजी करपली तर बाबुलालनं समजायचं, पुस्तक चांगलं निघालंय.

तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तोवर उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेना, दाराच्या चौकटीला खांदे धडकायला लागले. मग दोन वर्षांत मधलंही गेलं. पुण्याला खेपा झाल्या, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी हात टेकले. शाळा सुटली. मुमताज रडली नाही, तक्रार केली नाही, फक्त कपाटातली पुस्तकं एकदा बाहेर काढून पुसली आणि परत ठेवली. बाबुलालला ते बघवलं नाही. तो मोरीत जाऊन तोंड धुवून आला.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम फोनवर मिळतो, हे त्याला कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं. बाबुलालनं तो तिच्या फोनमध्ये घालून दिला. मुमताजनं कानाला लावला, दोन मिनिटं ऐकला आणि हसत सुटली. पोट धरून हसली.

"अहो, ह्यो कुठला पाव्हणा आणलाय? 'च्यूल' म्हणतोय चुलीला!"

आता इथं जरा थांबायला पाहिजे, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आपल्या मराठीत च दोन आहेत. लिहायला एकच, बोलायला दोन. चूल म्हणून बघा, जीभ दातांना लागते. चहा म्हणून बघा, जीभ वर टाळूला जाते. 'चार पेंढ्या चारा' म्हणताना आपण दोन्ही च लागोपाठ म्हणतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. ज चंही तसंच. जाळ वेगळा, जेवण वेगळं. सगळ्यांत वाईट म्हणजे 'जग'. दुनिया म्हणायची असली तर एक ज, आणि 'जग बाबा शंभर वर्षं' म्हणायचं असलं तर दुसरा. अक्षरं तीच. आपल्याला आईच्या मांडीवर हे कळलेलं असतं, मशीनला कोण मांडीवर घेणार? त्याला वाटलं च एकच. हिंदीत आहे तो.

बाबुलालनं प्रोग्राम कुणाचा ते शोधलं. निघाली एक संस्था, नाव 'ओपन पोर्च'. पोर्च म्हणजे ओसरी. उघडी ओसरी. नावासारखीच रीत. कुणीही यावं, बसावं, हाताला लागेल ते काम करावं आणि आपल्या घरी जावं. प्रोग्राम सगळ्यांना मोकळे, आतली यंत्रणाही उघडी, हवं तर वाचा, हवं तर बदला, पुढं वाटा. मालक कुणी नाही. त्यांचे तीन प्रकल्प: पडद्यावर काय आहे ते ओळखणारा 'लॅम्प', ब्रेलचा 'डॉट' आणि बोलणारी 'मैना'. मैना साठ भाषा बोलायची आणि प्रत्येक भाषेला सांभाळणारा एकेक माणूस, त्याला म्हणायचं मेंटेनर. मराठीला कुणीच नव्हतं.

बाबुलालनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की तुमच्या मैनेला मराठी येत नाही. त्याच दिवशी उत्तर आलं, "पॅचेस वेलकम." दुसऱ्या कुणाला त्यातून काय कळलं असतं देव जाणे, पण प्लांटवरच्या माणसाला पॅच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाइप गळायला लागला की वरून पत्रा ठेवून वेल्डिंग मारतात तो पॅच. आणि मेंटेनर म्हणजे मेंटेनन्सवाला. हा गडी खूश झाला. म्हणाला, "मुमताज, ते म्हणत्यात गळतंय तर तुम्हीच पॅच मारा. बरोबर हाय त्यांचं."

आणि लागला की हो कामाला!

उत्तर लिहिणारा होता नेदरलँडचा योरिस. त्यानं बाबुलालला हाताला धरून शिकवलं. मराठी शब्दांची एक यादी करायची, प्रत्येक शब्दापुढं खूण करायची, मैना ती यादी बघून बोलणार. आता खूण कसली करायची? पुस्तकात दंततालव्य का काय ते म्हणतात. बाबुलालनं सरळ लिहिलं: 'चुलीतला' आणि 'चहातला', 'जाळातला' आणि 'जेवणातला'. तेच नाव पडलं. पुढं तो नेदरलँडचा बाबाही पत्रात लिहायचा, हा शब्द 'चूल' आहे का 'चहा'?

यादी बाबुलालची, पण निवाडा मुमताजचा. ड्यूटीवरून आला, हातपाय धुतले, की हा वही घेऊन बसायचा. ती भाकरी थापायची, हा शब्द वाचायचा.

"चोर."

"चुलीतला."

"चंद्र."

"चहातला. चंद्राला चुलीत घालू नका."

अडलेला शब्द घेऊन तो रविवारी खुटबावला जायचा. तिथं चांगुणाआत्या म्हणून एक म्हातारी, नात्याची नव्हे, पण अख्ख्या आळीची आत्या. हा तिच्यापुढं बसून म्हणायचा, आत्या, जादू म्हणा. जादूगार म्हणा. आता जरा म्हणा. आत्या सुनेला हाक मारून सांगायची, "बाबू लई हुश्शार व्हता गं, कंपनीतल्या वासानं डोकं फिरलं त्याचं." पण म्हणायची. जादूवरून तर एकदा पारावर भांडणं लागली, निम्मे एकीकडं, निम्मे दुसरीकडं. बाबुलालनं गुपचूप वहीत लिहिलं, 'दोन्ही चालतंय.'

अकरा वर्षं हे चाललं. चौदा हजारांवर शब्द झाले. 'जग'चा पुरता बंदोबस्त कधीच झाला नाही, पण आजूबाजूचे शब्द बघून मैना दहातल्या आठ वेळा बरोबर म्हणायची. पुण्यात असं काम करणाऱ्या हौशी मंडळींची एक बैठक भरली, तिथं याला बोलावलं. एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "तांबोळी, तुमचं मराठी छान आहे हं." काय बोलायचं अशा माणसाला! ज्यानं चौदा हजार मराठी शब्द एकेक करून कानावर तपासले, त्याला सर्टिफिकेट देतोय. बाबुलाल नुसता हसला आणि म्हणाला, "तुमचंही चांगलंय, साहेब." मुमताजला त्यानं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलंय म्हणालात ना? चहातला म्हणालात ना?"

मुमताज वाचायला लागली होती. वाचायला म्हणजे ऐकायला, पण ती वाचायलाच म्हणायची. मैनेचा आवाज कसला, पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. पण त्याचा वेग वाढवला तरी शब्द शब्दाला चिकटायचे नाहीत. मुमताज इतक्या वेगानं ऐकायची, की दुसऱ्याला नुसती किरकिर ऐकू यावी. मोठ्या कंपन्यांचे गोड आवाज होते की, तिनं ते ऐकले होते. वेग वाढवला की त्यांचा लगदा व्हायचा, आणि नेट गेलं की मुके. मैना मुकी व्हायची नाही. सकाळी पेपर, दुपारी पुस्तक, संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज. डोळे होते तेव्हा वाचली नसतील इतकी पुस्तकं तिनं डोळे गेल्यावर वाचली. लातूरचा एक अंध मास्तर आणि सांगलीची एक कॉलेजातली मुलगी अधूनमधून बाबुलालला पत्र लिहायची, की मैना आता आपल्यासारखी बोलते. अशी पत्रं तो मुमताजला दोनदा वाचून दाखवायचा.

मग ओसरीवरची माणसं कमी व्हायला लागली. फुकट राबणारी माणसं ती, कुणाला पोरं झाली, कुणाला आजार. उरलेल्यांना साठ भाषांच्या साठ हाती याद्या सांभाळणं जड झालं. शेवटी ठरलं, की याद्या नकोत, मशीननं माणसांची बोलणी ऐकून आपली आपण शिकायचं. ज्या भाषेचं रेकॉर्डिंग नाही तिला शेजारच्या भाषेबरोबर बांधायचं, म्हणजे मराठीला हिंदीच्या दावणीला. योरिस सज्जन माणूस, त्यानं प्रत्येक मेंटेनरला आधी विचारलं. बाबुलाललाही विचारलं.

पहिल्या पाळीला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये तो मेसेज आला. बस कुरकुंभच्या वळणावर आलेली, गेटवर फोन जमा करायचे, पुढचे आठ तास फोन नाही. बाबुलालनं घाईघाईत वाचलं. इंग्रजीत होतं: "वुड यू माइंड इफ वुई ड्रॉप द हँडमेड मराठी लिस्ट?"

आता 'वुड यू माइंड' हे बाबुलालला ठाऊक होतं, चांगलं ठाऊक होतं. प्लांटवर परदेशी ऑडिटर यायचे, ते तसंच बोलायचे. वुड यू माइंड ओपनिंग धिस पॅनेल? म्हणजे, जरा हे पॅनेल उघडता का? वुड यू माइंड शोइंग मी? म्हणजे, जरा दाखवता का? तीस वर्षं त्याच्या लेखी 'वुड यू माइंड' म्हणजे 'जरा प्लीज'. म्हणजे हा योरिस विचारतोय, जरा मराठीची यादी काढू का? बाबुलालच्या तोंडचं पाणी पळालं. यादी काढू? आणि आपण मराठी माणसं घाबरून एखाद्याचा हात धरतो तेव्हा काय म्हणतो? एकदा नाही म्हणत नाही. दोनदा म्हणतो. नाही नाही! अंगावर गरम चहा सांडायला आला तर काय म्हणाल?

त्यानं लिहिलं, "नो नो."

गेटवर फोन दिला आणि आत गेला. पाळी संपल्यावर बघितलं तर योरिसचा अंगठा आला होता आणि खाली लिहिलं होतं, "थँक यू. तुम्ही मोठ्या मनाचे आहात." बाबुलालला वाटलं, ऐकलं बुवा त्यानं. भला माणूस. घरी येऊन मुमताजला म्हणाला, "यादी काढायला निघाले व्हते, मी थांबवली." मुमताजनं त्या दिवशी शिरा केला.

दोन महिन्यांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मुमताज खुर्चीत बसून वाचत होती. बाबुलालची दुसरी पाळी, तो घरातच दाढी करत होता. एकाएकी ती म्हणाली, "अहो, फोन बिघडला."

"काय झालं?"

"कुणीतरी दुसरंच बोलतंय."

त्यानं इअरफोन काढून आवाज मोकळा सोडला. गोड, गुळगुळीत आवाज. चुलीला च्यूल, चोराला च्योर, माझं घर म्हणायचं तर माझ्यं घर. फोननं आपला आपण नवा प्रोग्राम उतरवून घेतला होता. बाबुलालच्या गालावर साबण तसाच वाळला. त्यानं संस्थेच्या पानावर जाऊन बघितलं. मराठीची यादी नव्हती. जिथं यादी होती तिथं एक ओळ होती, की मेंटेनर बाबुलाल तांबोळी यांच्या संमतीने काढली.

संमतीने!

तो तसाच ड्यूटीवर गेला. कॅन्टीनमध्ये रविराज शितोळेला गाठलं. रविराज लॅबमध्ये केमिस्ट, पाटसचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. बाबुलालनं संध्याकाळच्या सुट्टीत तो जुना मेसेज कागदावर उतरवून त्याच्यापुढं धरला. रविराजनं वाचला, परत वाचला, आणि ताटातला हात थांबवला.

"बाबूभाई, तुम्हाला यादी ठेवायची व्हती ना?"

"मग काय!"

"मग नो नो कशाला लिवलं? वुड यू माइंड म्हंजी, तुमची काही हरकत हाय का. तुम्ही म्हनलात, न्हाई न्हाई, काय बी हरकत न्हाई."

"मी यादी काढू नका म्हनलो."

"व्हय, पण इंग्रजीत त्याचा अर्थ खुशाल काढा असा झाला."

बाबुलालनं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "मी दोनदा न्हाई म्हनलो की रे." रविराजनं ताट बाजूला सारलं.

मुमताजला सांगायचं कसं? दोन दिवस त्यानं टाळलं. फोन दुरुस्तीला टाकायचाय, सर्व्हर बंद आहे, काय काय सांगितलं. खोटं बोलायची सवय नाही, बोलताना अडखळायचा. डोळे गेलेल्या माणसाला अडखळणं लगेच ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "तुमच्या हातनं काय झालंय का?" मग त्यानं सगळं सांगितलं. ऑडिटर, पॅनेल, बस, गेट, नो नो, सगळं. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि कुकर लावला.

त्यानं योरिसला लिहिलं, या वेळी रविराजकडून तपासून. गैरसमज झाला, यादी परत ठेवा. योरिसचं उत्तर फार चांगलं होतं. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. पण याद्या वाचणारं मैनेचं अंगच आता काढलं होतं, साठच्या साठ भाषांचं. यादी ठेवणार कुठं? जुनी मैना वापरा म्हणावं तर नव्या फोनमध्ये ती चढेना. बाबुलालच्या एका जुन्या फोनमध्ये होती, त्याची बॅटरी भाकरीसारखी फुगली आणि तो फोन गेला. योरिसनं शेवटी लिहिलं होतं, नव्या मैनेला मराठी शिकवायचं तर एका आवाजात वीस तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग पाहिजे. पॅचेस वेलकम.

"वीस तास," बाबुलाल म्हणाला. "मुमताज, तुझा आवाज."

"मला वाचता कुठं येतंय?"

"मी वाचतो. तू माझ्यामागनं म्हण."

असं सुरू झालं. तो वाक्य वाचायचा, मग रेकॉर्डिंगचं बटण दाबायचा, ती म्हणायची. चौथीच्या वर्गात म्हणायची तसं स्वच्छ, ठसठशीत. पण दौंड जंक्शनवर राहून स्वच्छ रेकॉर्डिंग कुठून आणणार? वाक्य अर्ध्यावर आलं की गाडीचा भोंगा. भोंगा थांबला की कुणाचा कुकर. कुकर थांबला की भंगारवाल्याचा पुकारा. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, दोघं घामानं निथळायची. मे महिना. एका सुट्टीच्या दिवशी तीन तासांतली सहा मिनिटं कामाची निघाली. मग निमोण्याला तिच्या भावाच्या वस्तीवर जाऊन बसायला लागले, तिथं गाड्या नाहीत. तिथं मोर ओरडायचे. मुमताजच्या घशाला सूज आली, कोमट पाणी पिऊन ती म्हणत राहिली. सात महिन्यांत अकरा तास झाले. बाबुलाल म्हणाला, वीस नाही तर नाही, अकरा घ्या म्हणू.

पाठवलं. तिथल्या आपोआप तपासणाऱ्या यंत्रानं पाच तासांचं नापास केलं, मागं आवाज आहेत म्हणून. सहा तास पुढं गेले. पण ते जोडून घ्यायचं तर मराठी कळणाऱ्या आणखी दोघा जाणकारांनी तपासून 'बरोबर' म्हणायला हवं, असा तिथला नियम. दोघं कुठून आणायचे? ओसरीवर मराठी जाणणारा एकटा बाबुलाल, आणि आपलंच आपण तपासता येत नाही. लातूरच्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मी कधीच हिंदी आवाजावर गेलो. सांगलीच्या मुलीचा मेल परत आला. पुण्याच्या बैठकीतल्या चौघांना लिहिलं, दोघांनी 'नक्की बघतो' लिहिलं. अजून बघतायत.

त्यात योरिसचं सगळ्यांना मिळून एक पत्र आलं. चौदा वर्षं झाली, आता माझ्यानं होत नाही, मी थांबतो, तुमच्याबरोबर काम करायला मिळालं हे माझं भाग्य. रागवायचं तरी कुणावर? त्या माणसानं तरी किती दिवस परक्यांच्या भाषा वाहायच्या. बाबुलालनं त्याला उत्तर लिहायला घेतलं. इंग्रजीची अशी धास्ती बसली होती, की चार ओळी लिहून त्यानं त्या रविराजला दाखवायला ठेवल्या आणि त्या तशाच राहिल्या.

साठ दिवस कुणी काही बोललं नाही. एकसष्टाव्या दिवशी यंत्रानं मराठीच्या अर्जावर शिक्का मारला, हालचाल नाही म्हणून बंद. सहा तासांचं मुमताजचं बोलणं त्याच्याखाली. बाबुलालनं ते उघडून खाली लिहायला घेतलं. इंग्रजीत नाही लिहिलं, मराठीत लिहिलं, "आम्ही आहोत." पण चौकटच बंद झाली होती, अक्षरं उमटली नाहीत.

हे त्यानं मुमताजला लगेच सांगितलं. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं.

मुमताज या वर्षभरात नव्या मैनेवर वाचायचा प्रयत्न करत होती. पेपरचं एक पान ऐकायची आणि इअरफोन काढून ठेवायची. पुस्तक तर तिनं सोडलंच. बाबुलाल म्हणायचा, मी वाचून दाखवतो. तो वाचायचाही, पाळीवरून आल्यावर, पण पाचव्या ओळीला त्याची मान पडायची आणि ती हळूच त्याच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायची. मग दिवसभर काय? तर भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके. पूर्वी घरात सतत ती बारीक किरकिर ऐकू यायची, आता बाबुलाल दारातून आत आला की घर इतकं गप्प असायचं की त्याला चपला काढतानाही चोरट्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी तो डबा भरून दुसऱ्या पाळीला निघाला होता. मुमताजनं त्याला हाक मारली आणि फोन पुढं केला.

"यातली मराठी काढा आन् हिंदी लावा."

बाबुलाल उभाच राहिला. "हिंदी? तू कवा वाचलीस हिंदी?"

"वाचीन आता."

"अगं, तू मराठीची बाई. निम्म्या दौंडाला तू लिवायला शिकवलंस. मी आणखी कुणाला तरी लिहितो, पुण्यात..."

"नका लिहू."

"आवाज वाईट हाय म्हणून म्हणतेस ना? हिंदीचा पण तोच आवाज हाय. त्याच बाईचा."

"ठाऊक हाय मला."

"मग हिंदीत काय चांगलं हाय एवढं?"

तिचा हात अजून फोन धरून पुढंच होता.

"काय चांगलं न्हाई," ती म्हणाली. "पण हिंदीत चुकलं तर मला कळत न्हाई. मराठीत प्रत्येक शब्दाला कळतंय. दिवसभर कुणी आपल्या आईची नक्कल करत बसलं तर किती ऐकायची, सांगा तुम्ही?"

त्यानं डबा खाली ठेवला, फोन घेतला, भाषांच्या यादीत मराठी शोधली आणि काढून टाकली. हिंदी लावली. तिच्या हातात फोन परत दिला. तिनं इअरफोन कानात घातले, बोटानं पडदा सरकवला आणि मान जराशी कलती करून ऐकायला लागली, परक्याच्या घरी ऐकतात तसं अदबीनं.

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न झाला. "येतो गं," बाबुलाल म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. तो डबा उचलून निघाला, बसमध्ये खिडकीशी बसला, आणि कुरकुंभ आल्यावर गेटवर फोन देऊन आत गेला.